वहीवर ठेवलेला बोळा

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात लाल शाईने शेरे मारते. दिवा आपोआप विझला... तेल संपलं असेल. माळ्यावर पावलं वाजली... मांजर. मेलेली आत्या स्वप्नात येऊन बोलली... रात्री जेवण जास्त झालं असेल. वीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या की ही खोड लागते. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याची मला थोडी लाज वाटते. पण माझ्याजवळ लेखी नोंद आहे, ती मी स्वतः केलेली आहे, आणि स्वतःच्या अक्षराला खोटं कसं म्हणणार?

मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या मराठी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. वय चव्वेचाळीस. घरात माझ्या वहीची सगळ्यांना धास्ती आहे. धोब्याचे कपडे, पापडाचा हिशोब, कोणाला किती ताप आला, पाहुणे कधी आले आणि कधी गेले, सगळं त्यात असतं. वहीत नाही ते झालंच नाही, असं मी मुलीला लहानपणापासून सांगत आले.

आमचं घर स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीला लागून एक खोली. जे घडलं ते याच खोलीत. दहा फूट लांब, नऊ फूट रुंद. एकच दार, तेही पडवीत उघडणारं. दोन बाजूंना घरमालकाचं कापसाचं गोदाम, म्हणून खिडकी नाहीच. उत्तरेच्या भिंतीत जमिनीपासून आठ फुटांवर एक झरोका, दीड वीत उंच आणि तेवढाच रुंद. उन्हाळ्यात त्यातून इंजिनाची काजळी यायची आणि हिवाळ्यात सातपुड्यावरून येणारा असा वारा, की डोक्यावरचं पांघरूण खाली घ्यायची सोय नाही.

बावीस वर्षांच्या संसारात आम्हा नवरा-बायकोचं खरं भांडण एकाच गोष्टीवरून झालं, आणि ती गोष्ट म्हणजे हा झरोका. दिवाळी झाली की मी सरकी काढायच्या जिनातून आणलेली रुई जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधून त्याचा बोळा करायची आणि टेबलावर चढून झरोक्यात ठोकून बसवायची. ह्यांना बंद खोलीत झोप येत नसे. तळमळायचे, कुशी बदलायचे, शेवटी उठून छत्रीच्या टोकाने बोळा टोचून ओढून काढायचे.

"अवो हेडमास्तरीणबाई, खोली हाये का पेटी हाये ही? माणूस झोपते तवाही श्वास घेत असते ना?"

मी म्हणायची, "थंडीने श्वासच राहिला नाही तर घेणार काय?"

सकाळी उठून पाहावं तर बोळा माझ्या वहीवर. अगदी मधोमध, नैवेद्य मांडल्यासारखा. आणि हे दाढी करता करता आरशातूनच म्हणणार, "लिही आपल्या यादीत. बोळा, नग एक, परत."

छप्पन्नच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. ह्यांच्या खात्याची वाटणी झाली आणि ह्यांचं नाव तिकडच्या यादीत आलं. माझी शाळा इकडची. गाडी तीच, नरखेड-काटोल तीच स्टेशनं, तिकीटही तेवढंच... पण प्लॅटफॉर्मवर उभी राहिले तेव्हा माणूस परमुलखात चालल्यासारखं वाटलं. मी सोबत दिलेल्या सामानाची यादी केली होती. सोळा वस्तू, छत्री धरून.

आठ दिवसांनी पत्र आलं. 'खोली मिळाली. वरच्या मजल्यावर आहे. हवा भरपूर. मालक सज्जन.' कुठे आहे विचारलं तर पुढच्या पत्रात, 'मारुतीच्या देवळाजवळ.' बस्स.

त्याच डिसेंबरात आमची एकुलती एक मुलगी कुसुम बाळंतपणाला आली. तिचं सासर रामाकोन्याचं, संत्र्या-कापसाची शेती. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं एक मूल गेलं होतं. या खेपेला महिनाभर आधीच मुलगी झाली, दोन्ही ओंजळींत मावेल एवढी. डिस्पेन्सरीची नर्स म्हणाली, "बाई, लेकराला ऊब पाहिजे, आईचं दूध पाहिजे, आणि आईला झोप पाहिजे. वजन वाढलं तर वाचलं समजा." रामाकोन्याहून कुसुमच्या सासूबाईंनी निरोप धाडला, "बारशाचं काही करू नका, देणं-घेणं काही नको. माह्या दोघी सुखरूप धाडा म्हणजे झालं."

मी नवी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं — दोघी सुखरूप रामाकोन्याला. आणि खाली कामांची यादी. पहिलं काम, झरोका बुजवणे. दुसरं, दाराच्या फटीत आतून चिंध्या भरणे. तिसरं, रात्रभर टिकेल अशी शेगडी.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असतेच. शेकायला गुंफाबाई येत असे. गावातल्या अर्ध्या लेकरांना तिने पहिली आंघोळ घातलेली, त्यामुळे कोणाचीही भीड नाही. ती गोवरीची शेगडी करायची. पण गोवरी तास-दीड तासात विझते, मग पुन्हा दार उघडा, पुन्हा पेटवा, तोवर गार वारा आत. मला ही पद्धत अव्यवस्थित वाटली. रेल्वेच्या रुळांजवळ बाया इंजिनातून पडलेला अर्धा जळका कोळसा वेचून विकतात. तो एकदा पेटला की धूर नाही आणि पहाटेपर्यंत लाल राहतो. मी दोन टोपल्या घेतल्या. संध्याकाळी पडवीत पेटवायचा, धूर पूर्ण गेला की आत न्यायचा. मला माझ्या या सुधारणेचा फार अभिमान वाटला होता, हे इथे लिहून टाकते.

गुंफाबाईने टोपलीला पायानेच ढकललं. "हा मेला इंजनाचा कोळसा लेकराच्या खोलीत काहाले आणता जी?"

"धूर नाही त्याला. बघ तरी."

"धूर नाही तं काय झालं, डोकं चढते याच्यानं. माही गोवरीच बरी."

"गोवरीला दहादा दार उघडावं लागतं, गुंफाबाई."

"मंग उघडा ना! दोन घडी वारा आला तं काय रामाकोना उडून जाते?"

मी ऐकलं नाही. शाळेत मी शिपायाचंही ऐकत नाही, आणि ही तर... असो.

रात्री मी त्याच खोलीत खाली अंथरूण घालून झोपत असे. दाराला आतून कडी, फटींत चिंध्या, उशाशी कंदील बारीक करून ठेवलेला, स्टुलावर वही आणि पेन्सिल. वहीत रकाने पाडले होते : रात्र, शेगडी, कुसुमची झोप, बाळाचं दूध, शेरा.

पहिल्या तीन रात्री तिघींपैकी कोणालाच धड झोप लागली नाही. म्हणजे डोळे मिटत होते, पण ती झोप नव्हती. कुसुमची झोप रात्रभर चाळवायची. छातीवर कोणी पोतं ठेवलं आहे असं तिला स्वप्न पडायचं. सकाळी म्हणायची, "आई, डोक्यात कोणी घण घालून राहिलं असं वाटते." मी सुंठेचा लेप लावला. माझंही डोकं जड, शाळेत हजेरी घेताना एकच नाव दोनदा वाचलं. त्यावर पोरी हसल्या. बाळ मात्र शांत. इतकं शांत की दुधासाठीही उठेना. तोंडात दिलं तरी दोन घोट घेऊन पुन्हा डोळे मिटायचं. मी वहीत लिहिलं — बाळ गुणी, रडत नाही. ते पान मी अजून फाडलेलं नाही. कधीकधी मुद्दाम काढून वाचते.

चौथ्या सकाळी जाग आली तेव्हा झरोक्यातून उजेड आत आला होता. बोळा झरोक्यात नव्हता, स्टुलावर होता. वहीवर, मधोमध.

कुसुमने पडल्यापडल्याच पाहिलं आणि ती कितीतरी दिवसांनी हसली. "आई! बाबा येऊन गेले का वं?"

"गप्प बस. मांजराने पाडला असेल."

"मांजर वहीवर आणून ठेवते का?"

माझ्या डोक्यात तिडीक उठली. बाज सोडायची नाही असं बजावलेलं असताना ही पोरगी स्टुलावर चढली की काय? तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. दाराची कडी आतून लागलेली होती, चिंध्या जागेवर होत्या. स्टूल दीड फुटाचं, त्यावर चढून कुसुमचाच काय, माझाही हात झरोक्याला पोचत नाही. मोठं टेबल पुढच्या खोलीत. आणि जिने हे काम व्हायचं ती छत्री नागपूरला.

त्या रात्रीचे रकाने असे भरलेले आहेत : कुसुम सलग चार तास झोपली. बाळ पाच वेळा प्यायलं आणि दोनदा चांगलं रडलं. 'शेरा' या रकान्यात मी लिहिलं — बोळा पडला, कारण मांजर. नोंदी शेजारीशेजारी होत्या. मी त्या एकमेकींना जोडल्या नाहीत. चौथीच्या मुलीनेही जोडल्या असत्या.

बोळा पुन्हा ठोकला. पाचवी रात्र परत तशीच वाईट. सहाव्या दिवशी मी व्यवस्थित बंदोबस्त केला. बोळा लाटण्याने ठोकला आणि झरोक्याच्या तोंडावर दोन खिळे मारून त्यांना आडवा दोरा बांधला. मांजर असो की माणूस, दोरा तुटल्याशिवाय बोळा निघणार नव्हता.

सकाळी बोळा वहीवर होता. आणि दोरा तुटलेला नव्हता. सोडून, नीट गुंडाळून बोळ्याच्या बाजूला ठेवलेला होता.

अंग धुतलं, चहा केला, आणि मगच पुन्हा खोलीत गेले. गुंफाबाई आली होती. तिने बोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "बाई जी, कोणी सांगून राहिलं तं ऐका लागते."

"कोण सांगतंय?"

"ते मले काय माहीत. मी तं फक्त शेकाची बाई."

कुसुम म्हणाली, "आई, तू तुह्याच वहीत पाहा ना. बोळा निघाला त्या दोन्ही रात्री मी झोपली. बाळ प्यायली. राहू दे ना उघडा."

"आणि थंडी लागून तिच्या छातीत कफ झाला तर? नर्सने काय सांगितलं? रामाकोन्याला मी काय तोंड दाखवू? मागच्या वेळी..." मी तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. "मागच्या वेळी कोणी लक्ष दिलं नाही म्हणूनच झालं ना ते?"

ती भिंतीकडे तोंड करून रडली. आवाज न करता, बाळ उठू नये म्हणून. मला ते दिसत होतं, तरी मी पुढच्या खोलीतून टेबल ओढत आणलं. जुन्या पेटीची फळी झरोक्यावर ठेवली, चार कोपऱ्यांना चार खिळे मारले, आणि कडेने शेणमातीचा लेप दिला. वहीत लिहिलं — झरोका, काम पूर्ण.

त्या रात्री थंडी फार होती. मी शेगडीत नेहमीपेक्षा ओंजळभर कोळसा जास्त घातला. धूर नव्हता, लाल निखारा, छान ऊब. बाळाने थोडं दूध घेतलं. कुसुम माझ्याशी बोलत नव्हती. कडी लावली, चिंध्या भरल्या, आणि झोप आली... आली म्हणजे काय, विहिरीत दगड पडावा तशी.

यापुढचं जसं झालं तसंच लिहिते.

मला जाग आली ती तोंडावर आलेल्या गार वाऱ्याने. झुळूक नव्हे, चांगला वारा, कोणीतरी माझ्या डोक्याजवळची खिडकी सताड उघडावी तसा. केस कपाळावरून मागे गेलेले मला कळले. वाऱ्याला एक वास होता. आंबूस, थोडा गोडसर, काहीतरी भाजल्याचा. झोपेतच मी विचार करत होते की हा कशाचा वास, भाकरी नाही, पोळी नाही, चणे-फुटाणेही नाहीत... आणि ते सुचेना म्हणून चिडून मी डोळे उघडले. माझा स्वभाव असा आहे म्हणून मी आज जिवंत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

डोळे उघडले आणि वारा थांबला. कंदिलाची ज्योत वाटाण्याएवढी झाली होती. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. डोकं इतकं जड की मान सावरेना. कुसुमला हाक मारली, तिने उत्तर दिलं नाही. तेव्हा मात्र कळलं की काहीतरी फार चुकलं आहे.

रांगत दाराशी गेले. माझ्याच हाताने ठासून भरलेल्या चिंध्या निघता निघेनात. नखं मोडली. शेवटी कडी निघाली आणि मी अर्धी पडवीत पडले. दोन श्वास घेतले, ओकले, आणि परत आत. आधी बाळ. पांघरुणासकट उचललं आणि पडवीतल्या थंड फरशीवर ठेवलं. तिचे ओठ कसे दिसत होते ते मी लिहिणार नाही. तळपायांवर टिचक्या मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या. तोंडात फुंकर घातली. मग तिने एक बारीकसा आवाज केला, मांजरीचं पिल्लू करतं तसा, आणि त्यानंतर जी रडली... शेजारचे लोक उठले म्हणजे बघा. कुसुमला त्यांनीच बाजेसकट बाहेर आणलं. तिला उलट्या झाल्या, अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, "माही पोरगी?"

मी बाळ तिच्या कुशीत दिलं. तिने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

डिस्पेन्सरीचे डॉक्टर उजाडता उजाडता आले. शेगडी पाहिली, फळी पाहिली, चिंध्यांचा ढीग पाहिला. शांतपणे म्हणाले, "बाई, कोळसा बंद खोलीत जळला की एक वायू होतो. आधी डोकं दुखतं, झोप येते, आणि मग माणूस उठतच नाही. तुमच्या घरी हे रोज थोडंथोडं चाललं होतं. लेकरू गुणी नव्हतं, गुंगीत होतं."

मी मान खाली घालून ऐकलं.

"तुम्ही उठल्या कशा पण?"

"वाऱ्याने."

"वारा कुठून आला?"

आम्ही दोघंही आत गेलो. फळी जागेवर. चारही खिळे जागेवर. शेणमातीला केसभरसुद्धा तडा नाही. दाराच्या चिंध्या तर मीच ओढून काढल्या होत्या.

"भास झाला असेल," डॉक्टर म्हणाले. "त्या वायूने होतात."

"आणि वास? त्या वायूला आंबूस वास असतो का?"

"त्याला वासच नसतो. म्हणून तर तो वाईट."

मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, नसतो.

ते गेल्यावर मी वही उघडली. अक्षर वाकडं आलं आहे. तरी शेजाऱ्यांच्या घड्याळावरून वेळ काढून लिहिलं — सुमारे अडीचला जाग. तोंडावर गार वारा. वास : आंबूस-गोड, भाजल्याचा. ओळखीचा नाही. मग टेबलावर चढले आणि फळी उपटून काढली.

तिसऱ्या दिवशी ह्यांचं पोस्टकार्ड आलं. आम्ही ह्यांना अजून काहीच कळवलं नव्हतं. हे पत्र फार क्वचित लिहितात आणि तेही दोन ओळी. यात चार होत्या. 'काल रात्री अडीचच्या सुमारास जीव घाबरा होऊन उठलो. खिडकी उघडली तरी श्वास येईना. उगीच कुसुमची आठवण आली. झरोका बुजवला असशील तर उघड. हे यादीत लिही.' नागपूरच्या टपालाचा शिक्का त्या रात्रीनंतर उजाडलेल्या सकाळचाच होता.

हे मी समजावून घेऊ शकते. बाप आहे, काळजी करतो, झरोक्याची भांडणं जुनी, वेळ योगायोगाने जुळली. मी तसं स्वतःला समजावलंही. मग काही दिवस बाळाने जे करायला हवं तेच बाळ करत होतं, म्हणजे रडत होतं, पीत होतं आणि पुन्हा रडत होतं, त्यामुळे विचार करायला सवड नव्हती. गोवरीची शेगडी, तीही संध्याकाळपुरती. झरोका उघडा. कोळशाच्या उरलेल्या टोपल्या गुंफाबाईने उकिरड्यावर नेऊन पालथ्या केल्या. फाल्गुनात मी स्वतः दोघींना रामाकोन्याला पोचवून आले. सासूबाईंनी बाळाला हातात घेतलं, तोललं आणि म्हणाल्या, "भरली वं!" वहीच्या पहिल्या पानावर मी खूण केली.

होळीच्या सुट्टीत मी नागपूरला गेले. आधी कळवलं होतं. हे स्टेशनावर घ्यायला आले, पण चेहऱ्यावर काहीतरी लपवल्यासारखं. "आधी बहिणीकडे जाऊ. जेवण तिथंच हाये."

"आधी खोली बघते."

"खोलीत काय पाहाचं? खोली तं खोलीसारखी."

"खोलीच बघायची आहे मला."

मारुतीचं देऊळ होतं खरं, पण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. लाकडी जिना, वर एक खोली. दुपारचे तीन वाजले असतील. ट्रंक, अंथरूण, दोरीवर धोतर, भिंतीला खिळ्यावर छत्री. खिडकी बंद. खोलीत उकडत होतं आणि हा माणूस, ज्याने बावीस वर्षं एका झरोक्यासाठी माझी झोप घालवली, खिडकीकडे पाठ करून उभा.

"उघडा ना खिडकी."

"धूळ येते."

मीच गेले आणि उघडली.

तोच वास. आंबूस, थोडा गोड, भाजल्याचा. माझ्या तोंडावर, तसाच. मी खिडकीचा गज धरला.

"कशाचा आहे हा वास?"

हे माझा आवाज ऐकून घाबरलेच. "रागावू नोको... खाली बेकरी हाये. पावाची. तुले सांगितलं असतं तं तू येऊच दिलं नसतं इथं. मी खात नाही हं! म्हणजे... कधीमधी... चहासंगं."

पाव बाटवतो म्हणून आमच्या घरात तो कधी आलेला नाही. माझ्या माहेरीही नाही. तो भाजताना कसा वास येतो हे मला माहीत असायचं कारणच नव्हतं. ह्यांच्या एकाही पत्रात बेकरीचा शब्द नाही, घरी परत गेल्यावर सगळी पत्रं मी पुन्हा तपासली.

मी पिशवीतून वही काढली आणि ते पान ह्यांच्या पुढे केलं. ह्यांनी दोनदा वाचलं. मग ट्रंकेवर बसले.

"अडीचले बेकरीची पहिली भट्टी उघडते," हे म्हणाले. "त्या रात्री मी खिडकी उघडली तं हाच वास भरून आला होता."

"रोज उघडता का रात्री?"

"मालक निजायच्या आधी वर येऊन खिडकी लावून घेते. मंग मी झोपेतच उठून छत्रीनं ढकलतो. सवय हाये ना."

"झोपेत?"

"आता झोपेत काय करतो ते मले काय माहीत वं."

"डिसेंबरात कोणकोणत्या रात्री उघडली?"

"मी काय तुह्यासारखं लिहून ठेवतो?"

यावर मला एरवी राग आला असता.

त्याला आता वर्ष होत आलं. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. मीच झोपेत उठून बोळा काढला असेल, असं डॉक्टर म्हणतात. पण टेबल न हलवता, आठ फुटांवरून, दोरा सोडून? असेलही. वारा भास असेल. वेळ योगायोग असेल. पण ज्या वासाची मला ओळख नव्हती त्याचा भास मला कसा होईल, आणि साठ-पासष्ट मैलांवरची खिडकी माझ्या तोंडावर कशी उघडेल, हे कोणी सांगितलं तर मी आनंदाने वहीत उतरवून घेईन. आजवर कोणी सांगितलेलं नाही. तो रकाना कोरा आहे आणि मला कोरे रकाने आवडत नाहीत. अजूनही आठवड्यातून एकदोनदा अडीचच्या सुमारास जाग येते. मी पडल्यापडल्या वास घेते. इंजिनाच्या धुराचा येतो, दुसरा कसला नाही.

नात आता धरून उभी राहते. परवा कुसुम तिला घेऊन आठ दिवसांसाठी आली. थंडी पडली आहे. पेटी आवरताना तो जुना बोळा हाताला लागला आणि कुसुमने माझ्याकडे पाहिलं. रात्री दोघी मागच्या खोलीत झोपल्या, झरोका उघडा, बाळाच्या डोक्याला टोपडं, अंगावर दोन पांघरुणं. निजण्याआधी मी बोळा वहीवर ठेवला, मधोमध. सकाळी तो तिथेच होता. बाळ रात्रीतून चार वेळा रडून उठलं, चारही वेळा पोटभर प्यायलं.

वहीत लिहिलं — बोळा, नग एक, परत.